अर्ध्यावर थांबलेली चित्रं: एका अद्भुत कादंबरीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

हस्तलिखिताचं पहिलं वाचन संपलं. पहिल्या वाचनात मी पेन्सिल हातात घेत नाही. आधी वाचक म्हणून गोष्ट अंगावर येऊ द्यायची, मग चित्रकार म्हणून तिच्याकडे जायचं.

कादंबरीचं नाव प्रकाशकांनी अजून जाहीर केलेलं नाही, म्हणून इथे नुसती 'कादंबरी'. काळ्या कातळाच्या पठारावर एक गड. गडाच्या पोटात खोदलेलं पाण्याचं टाकं. त्या टाक्याची राखण करणारी पंधरा वर्षांची मुलगी. आणि टाक्यात राहणारा 'तो'. लेखिकेने त्याला नाव दिलेलं नाही आणि त्याचं पुरं वर्णनही कुठे केलेलं नाही. एकदा नुसता श्वास ऐकू येतो, एकदा अंधारात ओली पाठ हलते, एकदा दिवटी विझते आणि पाणी पायरीभर वर चढतं. शेवटच्या भागातही तो अख्खा दिसत नाही. वाचून झाल्यावर माझ्या डोक्यात त्याचं रूप अगदी पक्कं होतं, आणि ते लेखिकेच्या डोक्यातल्या रूपापेक्षा नक्कीच वेगळं असणार. याच जागेवर चित्रकाराने पाय जपून टाकायला हवा.

काम असं: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा. चार भागांची चार आरंभचित्रं. बारा पूर्णपान रेखाटनं. प्रकरणाच्या शेवटी लहान आकृती आणि एक नकाशा. आतलं सगळं एका रंगात, काळ्यात. पुस्तक दिवाळीआधी दुकानात हवं, म्हणजे दसऱ्याच्या आत छपाई.

१२ जून

करार झाला. मूळ चित्रं माझ्याकडे राहणार, प्रकाशकांना पुस्तकापुरते छपाईचे हक्क. यंत्राला शिकवण्यासाठी चित्रं कुणालाही द्यायची नाहीत, हे कलम मी मागितलं आणि ते घातलं गेलं. श्रेय आतल्या पानावरही आणि मलपृष्ठावरही. पुढच्या पिढीतल्या मुलामुलींनी हे सगळं आपणहून मागावं म्हणून इथे लिहून ठेवते.

१५ जून

बारा चित्रांच्या बारा जागा ठरवायला बसले. या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. हात कसा चालतो यावर चर्चा होते, पण चित्र गोष्टीत नेमकं कुठे यावं यावर नाही.

प्रसंगातला सगळ्यात मोठा क्षण लेखकाने आधीच पूर्ण लिहिलेला असतो. त्यावर चित्र काढलं तर दोनच गोष्टी होतात. एकतर चित्र तेच पुन्हा सांगतं, नाहीतर वाचकाने मनात उभं केलेलं मोडून टाकतं. म्हणून मी क्षणाच्या किंचित आधीचं किंवा नंतरचं काहीतरी शोधते. दिवटी विझते त्या प्रसंगाला विझलेली दिवटी नको. विझण्याआधी मुलीने ती डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, ते हवं. मजकुरात ते अर्ध्या वाक्यात आहे आणि त्यातच तिची भीती आहे.

दुसरी गोष्ट पानाची. उजव्या पानावरचं मोठं चित्र डावं पान वाचत असतानाच डोळ्याला दिसतं. चित्र आधी दिसलं, वाक्य नंतर आलं, की वाक्यातला दम गेला. म्हणून धक्क्याचा मजकूर उजव्या पानाच्या तळाशी संपायला हवा, पान उलटायचं, आणि मग डाव्या पानावर चित्र. मांडणी करणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून सांगावं लागतं, कारण एक परिच्छेद वाढला तरी चित्र समोरच्या पानावर सरकतं. उद्या त्याच्याशी बोलायचं आहे.

चित्रकथी परंपरेत हे फार सुंदर सांभाळलेलं आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलाकार पोथीतलं एकेक चित्र समोर धरून कथा गातात. चित्रं सुटी असतात, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कुठलं चित्र कधी फिरवायचं हे गाणाऱ्याच्या हातात असतं, शब्द पोचल्याशिवाय चित्र वळत नाही. पिंगुळीचे कळसूत्री बाहुल्यांचे कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहुल्यांबद्दल बरंच छापून आलं. चित्र दाखवण्याच्या वेळेची जी जाण त्या घरांमध्ये आहे, तिच्याबद्दलही तेवढंच लिहिलं जायला हवं होतं. छापील पुस्तकात गाणारा नसतो, त्यामुळे त्याचं काम पान उलटण्याने करावं लागतं.

२२ जून

जमिनीचा अभ्यास. अद्भुत कथा म्हटलं की हात आपोआप टोकदार शिखरं काढायला जातो. ती टोकं आल्प्ससारख्या डोंगरांची, आपल्याकडची नव्हेत. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून तो आडवा आहे. माथा सपाट, खाली उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. पायऱ्या पायऱ्यांनी उतरणारा. काढताना दोनच प्रकारच्या रेघा लागतात: थरांच्या लांब आडव्या आणि कातळाच्या भेगांच्या तुटक उभ्या. तिरकी रेघ फक्त घसाऱ्याला. एवढं पाळलं तरी डोंगर लगेच आपला दिसू लागतो, वर गड नसला तरी.

दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा थर झिजून झालेला. मुखपृष्ठाच्या रंगांमध्ये तो पट्टा हवाच. राखाडी, काळपट हिरवा, आणि कड्याच्या मधोमध एकच तांबडी रेघ.

३० जून

लेखिकेशी फोनवर लांब बोलणं झालं. विचारलं, "ताई, तुमच्या राज्यात बंदुकीची दारू आहे का?"

"नाही गं. या पहिल्या पुस्तकात कुणालाच माहीत नाही. का?"

कारण गडाचा सगळा आकार त्यावर ठरतो. जाड गोल बुरूज, तोफेच्या रुंद खिडक्या, जंग्या म्हणजे बंदूक रोखायची तिरपी भोकं, हे सगळं तोफ आणि बंदूक आल्यानंतरचं. दोन बुरुजांच्या कवेत दडवलेला गोमुखी दरवाजा आपल्याला शिवकाळातल्या गडांमुळे ओळखीचा आहे. समोरून तो दिसतच नाही, वळण घेऊन आत शिरावं लागतं, म्हणजे दरवाजावर सरळ मारा करता येत नाही आणि हत्तीला धावत येऊन धडक देता येत नाही. ज्या जगात दारूच नाही तिथे असले बुरूज काढले तर जाणत्या वाचकाचा गोष्टीवरचा विश्वास पहिल्याच चित्रात उडेल. तेव्हा या गडाला कातळात खोदलेल्या पायऱ्या, घळीत बसवलेला अरुंद दरवाजा, रचीव दगडांची पातळ तटबंदी. नाणेघाटासारख्या जुन्या वाटा पाहिल्या की लक्षात येतं, मुळात डोंगरानेच निम्मी तटबंदी बांधून दिलेली असते.

दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालयात बसून रेखाटनं केली. शस्त्रांच्या दालनात कट्यारी, पट्टे, काळविटाच्या शिंगांचा माडू. माडू पाहून मोह झाला, त्याची बाह्यरेषाच चित्रात भाव खाऊन जाते. पण मुलगी लढवय्यी नाही, पाणक्यांच्या घरातली आहे. तिच्या हातात कोयता आणि पोहरा ओढायची आकडी एवढंच. तिला तलवार दिली की पुस्तक वेगळंच होईल. माडू गडाच्या जुन्या किल्लेदाराकडे गेला. त्याच्याबद्दल मजकुरात 'हरणाच्या शिंगांनी मारणारा' असे तीन शब्द आहेत, तेवढा आधार मला पुरेसा आहे.

दिव्यांच्या दालनात जास्त वेळ गेला. या पुस्तकात उजेड नेहमी माणसाच्या हातातून येतो, वरून नाही. दिवटी कशी धरतात, तेल कुठून घालतात, ज्योत तोंडापासून किती लांब राहते, हे कळलं की चेहऱ्यावरची सावली कुठे पडणार ते ठरतं. खालून येणाऱ्या उजेडात भुवईची सावली वर कपाळावर जाते आणि डोळ्यांखालचा भाग उजळतो. लहान मुलीचा चेहरा अशा उजेडात एकदम वयस्कर होतो. गोष्टीला तेच हवं आहे.

१३ जुलै

हरिश्चंद्रगडावर जाऊन आले, पाचनईच्या वाटेने. टाक्यासाठी गेले होते, केदारेश्वराच्या गुहेसाठी. मोठं शिवलिंग, भोवती कमरेपर्यंत बर्फासारखं पाणी. चार खांबांपैकी एकच उभा आहे, बाकीचे तुटलेले. छत अंगावर येईल इतकं खाली.

छायाचित्रांमधून जे कधी कळलं नव्हतं ते तिथे कळलं. पाणी काळं नाही. बाहेरून येणारा उजेड पाण्यावर पडतो आणि तिथून छतावर जातो, त्यामुळे छताला पाण्याचं हलतं जाळं लागलेलं असतं आणि भिंती मात्र अंधारात राहतात. म्हणजे गुहेतली सगळ्यात उजळ जागा म्हणजे छत. 'तो' हलला की आधी छतावरचं जाळं तुटणार! पाठ नाही, शेपूट नाही, नुसतं वरचं जाळं विस्कटलेलं आणि मुलगी मान वर करून पाहते आहे. सातवं चित्र मिळालं. ताईंना तिथूनच कळवणार होते, पण गडावर रेंज नव्हती. रात्री पुण्याला पोचल्यावर फोन केला. त्या म्हणाल्या, "हे मी लिहायला हवं होतं गं." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या प्रकरणात छताबद्दल एक वाक्य वाढवून पाठवलं. चित्र मजकुराच्या मागून चालावं हे मी मानते, पण कधी कधी मजकूर मागे वळून हात देतो.

कोकणकड्यावर धुक्याशिवाय काही दिसलं नाही. तरी कड्याच्या आतल्या बाकाची कल्पना आली. तो सरळ उभा नाही, वाटीसारखा आत वळलेला आहे आणि माथ्याची कड पुढे झुकते. कादंबरीतला कडा मी तसाच घेणार.

२० जुलै

मुखपृष्ठाच्या कल्पना. तीन कच्च्या आकृत्या, काडेपेटीएवढ्या, फक्त काळा-पांढरा-राखाडी. पहिली टाक्याची, दुसरी गडाच्या पायऱ्यांची. तिसरी इंद्रवज्राची, आणि मन तिथेच अडकलं.

कादंबरीच्या मध्यावर मुलगी कड्याच्या टोकावर उभी राहते आणि समोरच्या धुक्यात तिची सावली पडते, सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य. हे लेखिकेने कल्पनेतून आणलेलं नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणकड्यावर इंद्रवज्र पाहिल्याची १८३५ सालची गोष्ट गिर्यारोहकांमध्ये सगळ्यांना पाठ आहे. सूर्य पाठीमागे, खाली झुकलेला. समोर, पायाखाली धुकं. आपली सावली धुक्याच्या थेंबांवर पडते आणि डोक्याभोवती कडं उमटतं, तांबडा बाहेरच्या अंगाला, निळा-जांभळा आतल्या. दहा जण शेजारी उभे असले तरी प्रत्येकाला कडं स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं.

आता यात इरलं आणायचं. मुलगी पावसात इरलं घेऊन फिरते, पाठीवर बांबूच्या काड्या आणि पानांचं. इरल्याची सावली कुबडासारखी पडते, हातातली आकडी लांब होते. धुक्यावर उमटलेली ती सावली माणसाची आहे की 'त्याची', हे कुणालाच सांगता येणार नाही. चित्रात काहीच खोटं काढलेलं नाही, प्रत्येक आकार इरल्यातून आणि काठीतून आलेला, आणि तरी प्राणी तिथे आहे.

२४ जुलै

एक अडचण. प्रसंग संध्याकाळचा लिहिलेला आहे आणि कादंबरीतला कडा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य समोर असणार, सावली पाठीमागे पठारावर पडणार. इंद्रवज्र दिसायचं तर सकाळ हवी.

ताईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "कडा फिरवता येणार नाही. सगळे व्यापारी पश्चिमेकडूनच येतात. वेळ बदलते." त्यांनी ते प्रकरण सकाळवर आणलं. मुलगी आता रात्रभर टाक्यापाशी जागून तशीच कड्यावर येते. आधी ती ताजीतवानी होती, आता डोळे लाल आहेत, इरलं घसरलेलं आहे. सावलीवर तिचा विश्वास बसणं त्यामुळे अधिक पटतं. कल्पनेतलं राज्य असलं तरी सूर्य आपलाच आहे, आणि तो जिथे आहे तिथे ठेवल्याने गोष्टीचं भलंच झालं.

२ ऑगस्ट

प्रकाशकांकडे बैठक. संपादकांना इंद्रवज्र आवडलं. विक्री पाहणाऱ्यांचं म्हणणं, प्राणी पुढे हवा, जबडा उघडा हवा, लांबून कळायला हवं की ही अद्भुत कथा आहे. त्यांची काळजी खरी आहे. पुस्तक आता फळीवर कमी आणि मोबाइलच्या पडद्यावर जास्त विकलं जातं, तिथे मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं.

मी नखाएवढ्या आकारातच दोन्ही छापून नेली होती, रंग काढून. जबड्याच्या चित्रात दात, खवले, डोळे, सगळं एकमेकांत मिसळून एक राखाडी ठिपका उरतो. इंद्रवज्राच्या चित्रात वर्तुळ आणि त्यात काळी आकृती, तेवढंच, आणि तेवढं पुरतं. दोन्ही कागद टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवले. चर्चा लवकर संपली. अट एकच पडली, नाव मोठं हवं. मान्य.

बैठकीत कुणीतरी म्हणालं, मराठीत अशा मुखपृष्ठांची परंपरा नाही. हे मला सोसत नाही. चित्रकार दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे, दोघांनी मिळून दोन-तीन पिढ्यांचे डोळे घडवले. दलालांनी १९४५ साली 'दीपावली' हे नियतकालिक सुरू केलं. मुळगावकरांनी फवाऱ्याच्या तंत्राने जी मऊ, धुरकट छटा आणली ती देवादिकांच्या चित्रांत जितकी शोभली तितकीच बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांवर. पिस्तूल, जिना, अर्धा चेहरा. अर्धाच! पुरा चेहरा दाखवला तर रहस्यकथा कोण वाचणार? अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात अजूनही ती मुखपृष्ठं सापडतात, फिकी पडलेली, कोपरे गेलेले. मी येताना दोन घेऊन आले आणि टेबलासमोर लावली.

११ ऑगस्ट

चार भागांची आरंभचित्रं. यासाठी विरगळ, म्हणजे लढताना गेलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, वापरायची हे पहिल्या वाचनातच मनात आलं होतं, कारण गोष्टीत गडाच्या पायथ्याशी एक विरगळ आहे.

विरगळ खालून वर वाचायची असते. तळच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गुरं पळवणाऱ्यांशी, कडेला गाई कोरलेल्या. वरच्या चौकटीत वीराला अप्सरा वर नेतात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश, चंद्र आणि सूर्य. आपल्या गावोगावी मारुतीच्या देवळापाशी, पारावर, शेताच्या बांधाला असे दगड उभे आहेत, शेंदूर फासलेले. बहुतेकांवर एक अक्षरही कोरलेलं नाही. कुणासाठी उभा केला, कुणाला ठाऊक नाही.

चार भाग, चार चौकटी. पहिल्या भागाची चौकट पानाच्या तळाशी छापायची, वरचं पान कोरं. दुसऱ्याची तिच्या जागेच्या वर, तिसऱ्याची आणखी वर, चौथ्याची अगदी माथ्याला. चारही पानं मनात एकावर एक ठेवली की अख्खी विरगळ उभी राहते. ज्याच्या लक्षात येईल त्याच्या येईल.

शंका एकच होती. विरगळ म्हणजे मृत्यू, आणि इथल्या वाचकाला हे सांगावं लागत नाही. पहिल्या चौकटीलाच तो ओळखेल की कुणीतरी जाणार आहे. ताईंना विचारलं, यात गोष्ट फुटते का? त्या म्हणाल्या, "कुणीतरी जाणार हे कळलं तर चालेल. कोण, ते नको." म्हणून वीराचा चेहरा चारही चौकटींत झिजलेला काढला. खऱ्या विरगळींवर तसाच असतो, पावसाने नाक-डोळे केव्हाच नेलेले. अंगावरचं वस्त्रही असं की पुरुष की बाई, मुलगी की म्हातारा, काही ठरू नये. झिजलेला दगड शाईत काढणं फार आनंदाचं काम आहे. टोक कुठेच नाही, रेघ जिथे वळायची तिथे ती तुटते आणि पुढे पुन्हा सुरू होते.

गडाच्या दरवाजावर शरभ कोरायचा हेही आज ठरलं. शिवनेरीच्या दरवाजावर, रायगडावर तो आहे. सिंहासारखं अंग, पंजात किंवा शेपटीत हत्ती पकडलेले. पुराणात तो नरसिंहाला आवरणारा शिवाचा अवतार, गडावर मात्र राजाच्या बळाची खूण. कादंबरीत लोक 'त्याच्याबद्दल' बोलतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हा शरभच असणार, कारण रोज येता-जाता ते तोच पाहतात. माणूस न पाहिलेल्या गोष्टीला पाहिलेल्याचा आकार देतो. म्हणून इरल्याच्या सावलीत मी शरभाची मान आणि छाती किंचित मिसळली. इतकी किंचित की दरवाजाचं चित्र आधी पाहिलेल्यालाच ती लागेल.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. गौरी जाईपर्यंत टेबल झाकून ठेवलं आहे.

६ सप्टेंबर

शाईकाम जोरात. चित्रं छापायच्या आकाराच्या दीडपट काढते आहे. लहान करताना रेघही बारीक होते, म्हणून मूळ चित्रात कुठलीच रेघ अशी नको की छापताना पाव पॉइंटाच्या खाली जाईल. टाकाने काढलेलं जास्त, कुंचल्याने थोडं.

आतला कागद सत्तर ग्रॅमचा, पिवळसर झाक असलेला मॅपलिथो. त्यावर शाईच्या पाण्याच्या छटा छापून पाहिल्या. अशा कागदात शाई पसरते, ठिपके फुगतात, मधल्या राखाडी छटा एकत्र होऊन चिखल होतो. निव्वळ रेघ मात्र त्याच कागदावर धारदार उमटते. खिळे जुळवून छापायच्या काळात मासिकांमध्ये रेषाचित्रं इतकी का असत याचं कारण हेच. रेघेचा ठसा स्वस्त पडायचा आणि साध्या कागदावर नीट उठायचा, छटांच्या ठशाला गुळगुळीत आर्ट पेपर लागायचा. त्या अडचणीतून मराठीत रेषेवर हुकमत असलेली एक अख्खी पिढी तयार झाली. तेव्हा छटा रद्द, सगळं रेघेत. स्कॅनिंग बाराशे डीपीआयला, निव्वळ काळं आणि पांढरं.

दुसरा प्रश्न पाठीमागून दिसण्याचा. टाक्याचा अंधार सपाट काळा भरला तर पातळ कागदातून तो मागच्या पानावरच्या मजकुरात डोकावतो. मग अंधार विणायचा. आडव्या तुटक रेघा, मध्ये पांढरे कण. पाणी तयार होतं ते याच रेघांनी, त्यामुळे अंधार आणि पाणी एकाच विणीचे झाले. सपाट काळं फक्त दोन ठिकाणी ठेवलं आहे: किल्लेदाराच्या पाठीमागचं दार, आणि शेवटच्या चित्रातला पाण्याचा एक हातभर तुकडा. त्या तुकड्यात काय आहे ते मी काढलेलं नाही आणि ताईंनीही लिहिलेलं नाही.

१५ सप्टेंबर

नावाची अक्षरं. तयार फाँट घ्यायचा नाही हे सुरुवातीलाच ठरलं होतं. शिरोरेखा म्हणजेच पठाराचा सपाट माथा, आणि अक्षरांचे दांडे तिच्याखाली उतरणारे कडे. देवनागरीची घडणच सह्याद्रीला जुळते, माथ्याला आडवी, खाली उभी. दांड्यांना कातळाच्या भेगांसारख्या उभ्या चिरा दिल्या, पण बाहेरची कड स्वच्छ ठेवली, नाहीतर लहान आकारात अक्षर तुटतं. नावात एक जोडाक्षर आहे. ते नखाएवढ्या आकारात ओळखू येईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिलं. शेवटी आतली पोकळी मोठी केली तेव्हा जमलं.

शिरोरेखेवर वेलांट्या उभ्या आहेत. त्यांना गडाचे बुरूज करायचा मोह आवरला. अक्षर आधी वाचता आलं पाहिजे.

२२ सप्टेंबर

पानं ठरली, ३०४. सोळा पानांचा फॉर्म धरला तर एकोणीस फॉर्म बरोबर बसतात. या कागदात कणा साधारण पंधरा मिलिमीटर. मुखपृष्ठाचा कडा कण्यावरून वळून मलपृष्ठावर जातो, म्हणून कणा मिलिमीटरभर सरकला तरी तांबडा पट्टा तुटलेला दिसेल. पट्टा कण्यावर पूर्ण आडवा ठेवला, तिथे एकही अक्षर त्याला शिवत नाही.

आता रंग. इंद्रवज्राचे रंग पडद्यावर लखलखतात, चार रंगांच्या छपाईत जांभळा आणि हिरवा हमखास मंद होतात. वर मॅट लॅमिनेशन आलं की आणखी एक पायरी खाली. संपादक म्हणाले, सोनेरी फॉइल लावू. नको म्हटलं. इंद्रवज्र धातूचं नाही, पाण्याचं आहे.

मार्ग वेगळा काढला. कडं मुद्दाम फिकं रंगवलं, जवळजवळ धुक्यातच विरलेलं, आणि फक्त त्या वर्तुळावर स्पॉट यूव्हीचा चकाकता थर. पुस्तक सरळ धरलं तर कडं जेमतेम दिसतं. तिरपं केलं, उजेड पकडला, की ते उमटतं. शेजारी बसलेल्याला त्याच क्षणी ते दिसत नाही, त्याला त्याच्या हाताने पुस्तक कलवावं लागतं. डोंगरावर जे घडतं तेच हातात घडावं, एवढीच इच्छा होती. यूव्हीची फाइल वेगळी, निव्वळ काळ्यात. तिच्या आतल्या कडेला किंचित जागा सोडली आहे, म्हणजे छपाईत थर जरा सरकला तरी सावलीवर चढणार नाही. सावली मॅटच राहायला हवी.

२९ सप्टेंबर

छापखान्यात मुखपृष्ठ मशीनवर चढलं. पहिल्या कागदावर धुकं निळसर आलं. मशीन चालवणारे मामा गेली कित्येक वर्षं या मशीनवर आहेत. त्यांनी न सांगता निळा थोडा उतरवला आणि कागद माझ्यासमोर धरला. "बाई, पावसातला कातळ हवा ना? मग काळ्याला हात लावू नका, पिवळा चढवू." पिवळा जरासा चढवला आणि कातळावर शेवाळ आलं. तांबडी रेघही त्याने उजळली. हा रंग मी टेबलावर बसून कधीच काढू शकले नसते. सहीचा कागद घेतला, एक त्यांच्यासाठी ठेवला.

आतल्या फॉर्मांमध्ये बाराही चित्रं ठरल्याप्रमाणे पान उलटल्यावर येतात, एक सोडून. नवव्या प्रकरणातलं चित्र आधीच्या मजकुरात दोन ओळी वाढल्याने उजवीकडे गेलं होतं. मांडणी करणाऱ्याने प्रकरणाच्या सुरुवातीची मोकळी जागा कमी करून ते पुन्हा डावीकडे आणलं. त्याला पहिल्या आठवड्यात सगळं समजावून ठेवलं होतं, म्हणून त्याच्या ते लगेच लक्षात आलं.

४ ऑक्टोबर

खंडेनवमीला छापखान्यात मशीनची पूजा झाली, दसऱ्याला सुट्टी, कालपासून बांधणी सुरू. मूळ चित्रं बटर पेपर घालून चपट्या खोक्यात ठेवली. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने पान क्रमांक आणि तो शब्द, ज्याच्यानंतर चित्र यायचं आहे.

ताईंनी पुढच्या, दुसऱ्या पुस्तकाची पहिली सहा प्रकरणं पाठवली आहेत. त्यात पश्चिमेकडचे व्यापारी पिंपांमधून काळी पूड आणतात. म्हणजे तटबंदी जाड होणार, जंग्या येणार, घळीतला दरवाजा बुजवून गोमुखी दरवाजा बांधावा लागणार, आणि शरभाचा दगड जुन्या दरवाजावरून काढून नव्यावर बसवावा लागणार. तो काढताना फुटतो का, हे ताईंना विचारायचं आहे. फुटत असेल तर पहिलं चित्र तिथलं.